मालतीच्या हातचं मेणकापड

सिंधीपुरा, बऱ्हाणपूर
४ जुलै १९४८

चि. श्रीकांतला अक्काचे आशीर्वाद.

तू खुशाल आहेस असं धरून चालते, कारण तू कळवत तर नाहीसच. चिखलीच्या शाळेत मास्तर झालास म्हणून सख्ख्या बहिणीला दोन ओळी लिहायला सवड होत नसेल, तर तसं सांगून टाक. म्हणजे पोस्टमनकडे बघणं तरी सोडते. मला एक वाट बघणं पुरे झालंय.

यांची काही खबर नाही. चैत्रात जालन्याहून एक कार्ड आलं, ते शेवटचं. जिनिंगचा कारखाना बंद पडलाय, निजामच्या मुलखातून रेल्वेनं सुखरूप निघता येईल याचा भरवसा नाही, पण पाऊस लागायच्या आत कसंही करून येतो, असं लिहिलं होतं. मृग गेला, आर्द्रा सरत आल्या. आता पाऊस लागायचा म्हणजे आणखी किती लागायचा?

सासूबाई दिवसभर ओट्यावर बसून असतात. मी मेणकापडं करते. जैनाबादचे लोक नावेतून उतरून सरळ आपल्या दारी येतात, कोणाला गाडीवर टाकायला हवं, कोणाला पाळण्यात घालायला. सासूबाई कापड ताणून धरायच्या आणि मी मेण चोळायची, अशी आमची वाटणी. आता त्यांचं लक्ष रस्त्यावर. कापडाला झोल पडतो आणि मी खेकसते.

तिकडून पळून आलेली माणसं चिखलीच्या बाजूला उतरतात असं ऐकते. तू तिथंच आहेस. जा, विचार, ओरडून विचार. ते निघाले असतील तर तुझ्याकडेच येणार, जालन्याहून तुझ्याइतकं जवळ आमचं दुसरं कोण आहे? भूगोल तू शिकवतोस, मी नाही.

तुझी अक्का

---

चिखली
१५ जुलै १९४८

ती. सौ. अक्कास श्रीकांतचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. रागावलीस ते बरोबरच आहे. शाळा सुटली की मी धर्मशाळेत जातो, रविवारी देऊळगावापर्यंत जाऊन येतो. माणसं येताहेत, अक्का, रोज येताहेत. बायका, म्हातारी, डोक्यावर गाठोडी. पण नाव विचारलं की सांगत नाहीत. घरची माणसं मागे अडकलेली, आपलं नाव उगाच चर्चेत यायला नको असं त्यांना वाटतं. त्यामुळे 'अरविंद नावाचा कोणी' असं विचारून काही हाती लागत नाही.

शिवाय खरं सांगू? अरविंदरावांना मी तुझ्या लग्नात पाहिलं आणि मग एकदा दिवाळीत. दाढी वाढलेली असली आणि उपासानं चेहरा उतरलेला असला, तर समोरून गेले तरी मला ओळखू येतील की नाही, शंका आहे. तेव्हा काहीतरी खूण कळव. अंगावर काय असेल, जवळ काय असेल. एखाद्या कापडावर तू नाव किंवा फूल काढून दिलं असशील तर फार उपयोग होईल.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. धीर सोडू नकोस.

तुझा
श्रीकांत

---

बऱ्हाणपूर
२४ जुलै १९४८

चि. श्रीकांतला आशीर्वाद.

खूण विचारतोस. अंगानं सडसडीत, रंग गव्हाळ, उंची तुझ्याएवढी. अशी माणसं या चौकात उभं राहिलं तर सकाळपासून शंभर दिसतात. पण एक वस्तू आहे. कमरेला मेणकापड बांधलेलं असेल, दीड हात रुंद, आणि त्यात तंबाखू. ते कापड मी केलेलं आहे. ते अंगावेगळं करत नाहीत, आंघोळीलाही शेजारी ठेवतात. मी चिडवायची, माझ्यापेक्षा त्याच्याशीच लग्न लागलंय म्हणून.

त्याच्यावर नाव नाही आणि फूलही नाही. मास्तर, मेणकापडाला सुई लावायची नसते. सुईनं भोक पडतं आणि भोकातून पाणी जातं. कोणी कितीही हौसेनं मागितलं तरी आम्ही शिवून देत नाही. मग माझं कापड ओळखायचं कसं, तर ते गळत नाही, एवढीच त्याची ओळख.

हसू नकोस. हल्ली बाजारात जे मिळतं ते मेणबत्तीच्या पांढऱ्या मेणाचं. दिसायला छान, पण घडी घातली की घडीवर तडकतं आणि तिथून झिरपतं. आमचं मेण मधाच्या पोळ्याचं. कोरकू बाया डोंगरातून आणतात. ते जवसाच्या तेलात वितळवायचं, थोडी राळ घालायची, मांजरपाट ताणून गरम गरम चोळायचं, आणि वरून तांब्यात निखारे घालून तो तांब्या फिरवायचा, म्हणजे मेण सुतात शिरतं. असं कापड वर्षभर कमरेला गुंडाळलं तरी तडकत नाही. यांचं तर मी तीनदा चोळून केलंय. चार कोपरे धरून पाणी ओतून बघ. खाली थेंब आला, तर ते माझं नाही.

आता खूण दिली. माणूस शोध.

अक्का

---

चिखली
१६ ऑगस्ट १९४८

ती. अक्कास श्रीकांतचा नमस्कार.

उशीर झाला, माफ कर. खबर मिळाली आहे. अरविंदरावांच्या कारखान्यात लीलाधर नावाचा एक फिटर होता, तो धर्मशाळेत भेटला. दोघं जालन्याहून आषाढात एकत्र निघाले. आडरानानं चालत सरहद्द ओलांडून सुखरूप आपल्या बाजूला आले. म्हणजे मुख्य संकट टळलं होतं, हे लक्षात घे. पुढे चिखलीच्या वाटेवर खडकपूर्णा आडवी येते, तिला पूर होता. लीलाधर आधी पार झाला. अरविंदराव मागून येणार होते. मग दोघांची चुकामूक झाली. पुरामुळे कित्येक लोक काठाकाठानं लांबच्या गावांना गेलेत, तसेच तेही गेले असतील.

तू जेवत जा. प्रकृतीची हेळसांड करू नकोस. परमेश्वर सर्वांचं बरं करणारा आहे. सासूबाईंची काळजी घे. त्यांना यातलं सगळं सांगितलंच पाहिजे असं नाही.

तुझा
श्रीकांत

---

बऱ्हाणपूर
२५ ऑगस्ट १९४८

श्रीकांत,

तू लहानपणी पाटी फोडलीस की असाच गोड बोलायचास. परमेश्वर तुला कधीपासून आठवायला लागला?

पत्राच्या माथ्यावर 'ती. अक्कास' लिहिलंस. 'सौ.' कुठे गेलं? पाकीट उलटून बघितलं, तिथेही नाही. आजवर तू एकदाही विसरला नाहीस, मुलांना पत्रलेखन शिकवणारा माणूस तू. हात अडला का रे तुझा? मी ते पत्र चार वेळा वाचलं. सासूबाईंनी विचारलं, काय लिहितो व मालती, श्रीकांत? मी म्हटलं, चुकामूक झाली, येतील. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मले वाचता येत नाही, पण तुले बघता येतं." आणि उठून चुलीपाशी गेल्या.

मला सरळ सांग. लीलाधरनं काय पाहिलं? यांना पोहता येतं. तापीच्या पुरात हे जैनाबादच्या काठाला पोहून जायचे, लोक बघायला जमायचे. खडकपूर्णा तापीपेक्षा मोठी आहे का?

इथे शेजारच्या रंभाबाईनं कालच विषय काढला. म्हणाली, लोक विचारतात, असं अर्धवट किती दिवस ठेवायचं, काहीतरी ठरवून घ्या. काय ठरवायचं? माझं कपाळ लोकांनी ठरवायचं? मी तिला दारातून घालवून दिलं. दुपारी तीच भाकरी घेऊन आली, आणि मी ती खाल्लीही. कोणाशी भांडायचंही त्राण राहिलं नाही.

नदीच्या काठाकाठानं जा. प्रत्येक गावी विचार. पुढचं पत्र खबर असल्याशिवाय लिहू नकोस, आणि खबर असेल तर माझ्यापासून लपवू नकोस.

अक्का

---

चिखली
२ ऑक्टोबर १९४८

ती. सौ. अक्कास श्रीकांतचा साष्टांग नमस्कार.

'सौ.' राहिलं ती केवळ घाई. तू त्याचा एवढा अर्थ काढशील असं वाटलं नव्हतं.

गेल्या महिन्यात सैन्य आत गेलं आणि निजामचा मुलूख आपल्यात आला, ते तुमच्याकडे कळलंच असेल. वाटा मोकळ्या झाल्या. मी रजा काढून जालन्याला जाऊन आलो. कारखान्यात अरविंदराव नाहीत, परत आले नाहीत. येताना नदीच्या काठानं आलो.

आता जे लिहितो ते शांतपणे वाच. खाली एका वाडीत आषाढात एक प्रेत काठाला लागलं होतं. ओळख पटण्यासारखी अवस्था नव्हती. बेवारस म्हणून तिथल्या कौतिक कोतवालानं गावकऱ्यांना घेऊन अग्नी दिला. त्याच्या कमरेचं मेणकापड कोतवालानं जपून ठेवलं होतं, कोणी विचारत आलं तर दाखवायला म्हणून. मी ते आणलं आहे.

पण घाबरू नकोस. मी तू सांगितलंस तसं पाणी ओतून पाहिलं. कापड गळतं. आतली तंबाखूही भिजून लगदा झालेली होती. बाजारात असली कापडं पुष्कळ मिळतात, तूच लिहिलं आहेस. तेव्हा तो दुसराच कोणीतरी बिचारा असणार.

तुझा
श्रीकांत

---

बऱ्हाणपूर
१३ ऑक्टोबर १९४८

चि. श्रीकांतला अक्काचे अनेक आशीर्वाद. तुझं भलं होवो.

तुझं पत्र आलं तेव्हा मी चुलीवर मेण ठेवलं होतं. 'प्रेत' शब्दापर्यंत वाचलं आणि पुढची अक्षरं दिसेनात. मेण उतू गेलं, भडका उडाला, सासूबाईंनी वर राख टाकली. मग मी पुढचं वाचलं. गळतं. अरे, गळतं! मी सासूबाईंना दोन्ही हातांनी धरून हलवलं. म्हटलं, ते आपलं कापड नाही, ते गळतं, आपलं गळत नाही. त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, आणि दर वेळी मी तेच सांगितलं. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या. आषाढानंतर पहिल्यांदा त्यांनी भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुर केली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

तो जो कोणी होता त्याच्या घरचे कुठे वाट बघत असतील त्यांच्यासाठी जीव तुटतो. पण खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. असा आनंद करू नये हे कळतं. तरी झाला.

काल दसरा झाला. सोनं द्यायला आलेल्या प्रत्येकाला सासूबाई सांगत होत्या, अरविंद दिवाळीले येतो. रंभाबाईलाही सांगितलं, जरा मोठ्यानंच.

आता मी काय ठरवलंय ते ऐक. यांना कुठेतरी आजारानं गाठलं असेल, किंवा पाय मोडून पडले असतील कोणाच्या गोठ्यात. दिवाळी झाली की मी आणि सासूबाई येतो. तुझ्याकडे उतरू आणि नदीकाठचं गाव न् गाव पालथं घालू. सासूबाई म्हणतात, मले चालता येतं, तू माझी चिंता करू नको. तोवर मी नवं कापड करायला घेतलंय यांच्यासाठी. जुनं पुरात गेलं असेल तर यांना चैन पडायचं नाही. तो तुझ्याकडचा गळका तुकडा मात्र घरात ठेवू नकोस. कोणा गरजूला देऊन टाक.

तुझी अक्का

---

चिखली
२५ ऑक्टोबर १९४८

अक्का,

हे पत्र मी तीनदा फाडलं.

तू सासूबाईंना घेऊन गावोगाव हिंडणार, गोठ्यागोठ्यात डोकावणार. मी काय करून बसलो हे त्या ओळीवर आल्यावर मला कळलं. वाटलं होतं, आशा आपोआप हळूहळू कमी होत जाईल आणि तुला थोडं थोडं कळत जाईल. उलट झालं. माझ्या एका वाक्यावर तुम्ही दोघी जेवायला लागलात.

लीलाधरनं मला पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. अरविंदराव त्याच्या मागेच पाण्यात उतरले. बरोबर एक म्हातारी होती, तिला पार न्यायला कोणी तयार नव्हतं, तिला त्यांनी पाठीवर घेतलं. मधल्या धारेत एक झाडाचं खोड वाहत आलं. त्यानंतर दोघंही वर आली नाहीत. लीलाधर काठावरून ओरडत राहिला. चुकामूक हा शब्द माझा आहे.

आणि कापड गळतं हेही मीच मनानं लिहिलं. मी त्यात पाणी ओतलंच नव्हतं. घरी आणलं, ट्रंकेत ठेवलं आणि तुझं पत्र पुढ्यात घेऊन बसलो. तू 'लपवू नकोस' म्हटलं होतंस. तेच वाक्य वाचत होतो आणि खोटं लिहीत होतो. आतल्या तंबाखूबद्दलही जे लिहिलं ते खरं नाही. खरं काय ते मी लिहीत नाही, माझ्यावर आता तू विश्वास तरी का ठेवावास? आत जे होतं त्याच्यासकट कापड रजिस्टर पार्सलनं पाठवतो आहे. तूच बघ. तुझ्या हातचं नसेल तर मी पुढच्या गाडीनं येतो, आणि तुम्हा दोघींबरोबर मी नदीकाठ हिंडेन, नोकरी गेली तरी चालेल.

मला शिव्या दे. पण पत्र लिही.

श्रीकांत

---

बऱ्हाणपूर
१२ नोव्हेंबर १९४८

चि. श्रीकांत,

पार्सल पोचलं. तुझं पत्र आदल्या दिवशी आलं होतं. तुला शिव्या द्यायच्या म्हणून कागद घेऊन बसले होते, पण आता ते राहू दे.

हे आले नाहीत म्हणून दिवाळी दारात पणती न लावता गेली होती. सासूबाईंनी पार्सल बघून विचारलं, काय आलं? मी म्हटलं, श्रीकांतनं कापड पाठवलंय. त्या म्हणाल्या, कोणतं? मग मला सांगावं लागलं. म्हातारीसकट सगळं सांगितलं, खोडासकट. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. म्हणाल्या, "पाठीवर घेतलं का? घेईनच तो." आणि म्हणाल्या, सोड पार्सल.

सोडलं. वास आला, आपल्याच घरासारखा. मी म्हटलं, पोळ्याचं मेण काय आम्हीच वापरतो का, कोणीही वापरत असेल. तंबाखू हाताला कुरकुरीत लागली. म्हटलं, मागाहून वाळली असेल, इतके महिने झाले. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर होतं, श्रीकांत. मी वकील व्हायला हवं होतं. सासूबाई उठल्या. खाट उलटी केली, चार पायांना सुतळीनं चार कोपरे बांधले आणि मला म्हणाल्या, हंडा आण.

मी पाणी ओतलं. जन्मभर मी या कामात एकच मागणं मागत आले, की माझ्या हातचं गळू नये. त्या वेळी त्या कापडापुढे हात जोडून म्हटलं, गळ. एक थेंब गळ. घडीवर तडक, कोपऱ्यातून झिरप, काहीही कर. मी कधीतरी घाईत हलगर्जीपणा केला असेल, कुठेतरी मेण कमी लागलं असेल, तर ते आज दिसू दे. मी तीनदा का चोळलं? दोनदा चोळून भागलं असतं की. बाजारचं पांढरं मेण का नाही घेतलं त्या वर्षी? सगळे घेत होते.

सासूबाई खाली बसल्या आणि कापडाखाली हात पसरून धरला. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. बराच वेळ गेला. मी म्हटलं, आई, ओलं लागतं का? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी म्हणत राहिले, लागत असेल, नीट बघा, जरासं तरी. शेवटी त्यांनी तो हात माझ्या गालावर ठेवला. कोरडा होता. म्हणाल्या, "तुझंच आहे, पोरी. अरविंदच होता."

नाव त्यांनी घेतलं आणि मग मीही घेतलं. लग्नापासून कधी घेतलं नव्हतं, उखाण्यातसुद्धा नुसतं तोंडातल्या तोंडात. अरविंद, अरविंद, अशा हाका मारत राहिले. रंभाबाई धावत आली आणि दारातच खाली बसली.

आता कामाचं लिहिते. कौतिक कोतवालाला माझा आणि सासूबाईंचा नमस्कार कळव. त्यानं अग्नी दिला म्हणजे आमच्या घरच्याचं काम केलं, त्याला आम्ही परका समजणार नाही. तिथी त्याला विचारून घे, दिवस करायला लागतील. त्या म्हातारीचं काय झालं, तिचं कोणी होतं का, तेही विचार. दुखवट्याचं लुगडं तुलाच आणावं लागेल. पांढरं आणू नको असं सासूबाईंनी सांगितलंय. कपाळाचं काय ते मी अजून ठरवलेलं नाही, आणि त्यांनीही विचारलेलं नाही.

तू खोटं लिहिलंस त्यासाठी मी तुला माफ करीन की नाही, ठाऊक नाही. पण त्या खोट्यावर आम्ही दोघींनी एक दसरा काढला, हेही तितकंच खरं आहे. भेटलास की बोलू, किंवा भांडू.

पण तू ये. पत्र लिहू नकोस, निघ. खाट तशीच उलटी पडलीय आणि पाणी अजून कापडातच आहे. परवापासून आहे. येता-जाता आम्ही दोघी खाली वाकून बघतो आणि एकमेकींना दिसणार नाही असं हात लावतो. ते ओतून टाकायचा धीर त्यांनाही नाही आणि मलाही नाही. तू ये, आणि तेवढं पाणी ओत.

अक्का